अस्मा सिस्टरचा उजवा हात

कपाशीवर फवारणी सुरू झाली की अस्मा शेखची ड्यूटी ठरलेली असे. राळेगावच्या रस्त्यावर असलेल्या त्या तीस खाटांच्या सरकारी दवाखान्यात, दारातून आत शिरल्यावर डावीकडच्या पहिल्या दोन खाटा तिच्या. ऑगस्टच्या शेवटापासून दिवाळीपर्यंत त्या खाटा रिकाम्या म्हणून राहत नसत. कुणी उघड्या अंगाने पंप मारता मारता भोवळ येऊन तासातच आडवा झालेला, कुणी त्याच डब्यातलं औषध जाणूनबुजून घेतलेला. यातला तू कोण, असं अस्माने कधी कुणाला विचारलं नाही. दोघांच्याही तोंडाला फेस असायचा, दोघांच्याही डोळ्यांच्या बाहुल्या मोहरीएवढ्या झालेल्या असायच्या आणि दोघांनाही लागायचं ते एकच, अ‍ॅट्रोपीन.

अ‍ॅट्रोपीन येई काचेच्या बारक्या कुपीत, एका कुपीत एक मिली. एखादा रोगी जास्त खराब असला तर त्या एकट्याला दिवसभरात शंभर, कधी दोनशे कुप्या लागत. कुपीची मान मोडायची, सुईने औषध ओढायचं, शिरेत सोडायचं, बाहुली बघायची, जीभ कोरडी पडली का बघायचं, की पुन्हा पुढची कुपी. बाकीच्या नर्सेस दमल्या की म्हणायच्या, अस्माला बोलवा. तिचा हात थांबत नाही, अशी तिची ख्याती होती. सतरा वर्षं नोकरी झालेली, वय एकोणचाळीस. लग्नाच्या गोष्टी दोनदा निघाल्या होत्या आणि तिच्या ड्यूटीच्या वेळांपाशी येऊन थांबल्या होत्या. आई जोहराबी जाऊन सहा वर्षं झाली होती. घरी बापलेक दोघंच.

दोन हजार चारच्या हंगामात तिला हाताच्या मागच्या बाजूला, मधल्या बोटाच्या रेषेत, मनगटापासून दोन बोटं पुढे काहीतरी हाताला लागलं. आधी ज्वारीच्या दाण्याएवढं. तिने लक्ष दिलं नाही. दिवाळीपर्यंत ते हरभऱ्याएवढं झालं आणि कुप्या मोडून झाल्यावर ठणकायला लागलं.

दवाखान्याचे डॉक्टर अनिमेष वयाने तिच्याहून बारा वर्षांनी लहान होते. बॉण्डवर आले होते आणि बॉण्ड संपूनही राहिले होते, म्हणून अस्माच्या मनात त्यांच्याबद्दल आदर होता. त्यांनी गाठ दाबून पाहिली.

"गँग्लियन आहे सिस्टर, पाण्याची गाठ. काही नाही त्यात. पाणी काढून टाकू."

त्यांनी जाड सुई घातली. आलं ते पाणी नव्हतं, पारदर्शक चिकट जेली, तीही थेंबभरच. गाठ बसल्यासारखी झाली आणि दीड महिन्यात परत तिथेच उभी राहिली. दवाखान्याच्या आया बसंतीबाई म्हणाल्या, "जाड्या पुस्तकानं एक हाणा सिस्टर, फुटून जाते थे. आमच्या तांड्यावर असंच करतेत."

"तुमच्या मनगटावर बारा वर्षांपासून आहे, तुम्ही नाही हाणलं?"

"मले भेव लागते ना," बसंतीबाई हसत म्हणाल्या.

अस्माही हसली आणि विषय तिथेच राहिला. तो तसा राहण्याचं खरं कारण वेगळं होतं. त्या वर्षांत शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे जिल्ह्याचं नाव रोज टीव्हीवर यायचं. दवाखान्याच्या आवारात गाड्या यायच्या, माणसं उतरायची, पाहणी करून जायची. वॉर्डात रोज कुणाची तरी बायको भिंतीला टेकून बसलेली असायची. अशा ठिकाणी आपल्या हातावरच्या हरभऱ्याचं कौतुक कोणाला सांगायचं? एवढ्याशा दुखण्याची लाज वाटावी असेच ते दिवस होते.

पण पुढच्या वर्षी, सप्टेंबरातल्या एका दुपारी, ते एवढंसं दुखणं रूपसिंग राठोडच्या खाटेपाशी आडवं आलं.

रूपसिंगला त्याच्या भावाने मोटरसायकलवर मागे बसवून, आपल्या फेट्याने पाठीशी बांधून आणलं होतं. सकाळपासून तीन टाक्या फवारल्या होत्या आणि वारा तोंडावरचा होता. श्वास खरखरत होता, घामाने अंथरूण भिजलेलं. अस्माने सलाईन लावलं आणि कुप्या सुरू केल्या. चाळिसाव्या कुपीच्या आसपास तिने सिरिंजचा दट्ट्या ओढायला बोटं उघडली आणि मधलं बोट उघडेना. आत काहीतरी अडकलं. जोर केला तर मनगटापासून कोपरापर्यंत कळ गेली आणि भरलेली सिरिंज हातातून सुटून फरशीवर पडली.

मग अस्माने डाव्या हाताने उजवं बोट धरून ओढलं. बारीक टक झालं आणि बोट सुटलं.

"मावशी, गॉझचा तुकडा घ्या न् कुप्या मोडा. सर, तुम्ही भरा. मी डाव्या हातानं सोडते."

तिघांनी मिळून ते केलं. आया असलेल्या बसंतीबाईंनी कुप्या मोडल्या, डॉक्टरांनी सिरिंज भरल्या, अस्माने डाव्या हाताने औषध सोडलं. साडेचारच्या सुमाराला रूपसिंगच्या बाहुल्या पसरल्या, जीभ कोरडी पडली आणि तो काहीबाही बरळायला लागला. वॉर्डात बरळणारा रोगी सगळ्यांना आवडायचा. बरळतोय म्हणजे औषध लागलं.

रूपसिंग वाचला. पण त्या दिवशी हात धुताना अस्माला जे वाटलं ते लाजेच्या पार पलीकडचं होतं. खाटेपाशी ती एकटी असती तर? पुढच्या फवारणीच्या आधी हा हात दुरुस्त झाला पाहिजे, तिने तिथेच ठरवलं. बोटांवर महिने मोजले. ऑपरेशन, जखम भरणं, मग बोट हलतं करणं. फार तर फेब्रुवारी. त्याच्या पुढे गेलं तर ऑगस्ट हातचा जाणार.

*

तिचे वडील युनूसभाई बसस्टँडसमोर सायकल आणि लुना दुरुस्त करायचे. पंचेचाळीस वर्षं एकच ठिय्या. घरी बापलेकीचं हिंदी आणि वऱ्हाडी एकमेकांत मिसळलेलं असे. एका रविवारी अस्मा दुकानात डबा घेऊन गेली, तेव्हा झाकण उघडताना तिचं बोट पुन्हा अडकलं आणि त्यांनी ते पाहिलं.

"इकडं ये बेटा. बस. कधीपासून हाय हे?"

"एक साल झालं अब्बा. पाणी काढलं होतं. पुन्हा भरली."

"पुन्हा भरली म्हणजे पंक्चर भलतीकडंच हाय. डॉक्टर काय म्हणते?"

"म्हणतात, वरच्या आवरणातून पाणी येतं न् फुगा होतो."

"आवरण म्हणजे कव्हर?"

"हं. कव्हरच समजा."

युनूसभाईंनी चिंधीला हात पुसले. तिचा हात आपल्या मांडीवर घेतला आणि चाक गरगरतं का बघावं तसं एकेक बोट हलवून पाहिलं. मग दोन बोटांच्या चिमटीत गाठीच्या आजूबाजूची कातडी घट्ट दाबून धरली.

"मूठ कर."

तिने केली. गाठ त्यांच्या बोटांखालून पुढे, बोटांच्या दिशेने सरकली.

"खोल."

गाठ मागे मनगटाकडे गेली आणि तिथे थांबली. तिथेच बोट अडायचं.

त्यांनी बाजूला टांगलेली ब्रेकची केबल खाली काढली. "हे पाह्य. हे कव्हर, ही आतली तार. ब्रेक दाबला का कोण हालते? तार. कव्हर जाग्यावरच राह्यते. तुही गाठ कव्हरात असती त जाग्यावर बसली असती. थे त सरकून राह्यली. गाठ तारेत हाय, बेटा. तारेचे पेड फुगले का ती कव्हराच्या तोंडाशी अशीच अडकते."

"अब्बा, हात म्हणजे सायकल नाही."

"मालूम हाय मले. पण सरकून त राह्यली ना?"

ती डबा घेऊन निघाली तेव्हा चिडलेली होती. संध्याकाळपर्यंत ती चीड कुठे गेली ते तिचं तिलाच कळलं नाही. सतरा वर्षांत तिने शेकड्याने हात पाहिले होते, पण गाठ सरकते का हे कधी पाहिलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी तिने बसंतीबाईंना औषधांच्या खोलीत बसवलं आणि त्यांची बोरासारखी गाठ चिमटीत धरली.

"मूठ करा मावशी. उघडा. परत करा."

बसंतीबाईंची गाठ जागची हलली नाही.

एका गाठीवरून काही ठरत नाही, हे अस्माला कळत होतं. पुढच्या दोन महिन्यांत ओपीडीत ज्याच्या कुणाच्या मनगटावर गाठ दिसली त्याला तिने बाकावर थांबवून घेतलं. शाळेतला शिपाई, कापूस वेचणाऱ्या दोघी जणी, झरी जामणीकडून बदलून आलेला एक फॉरेस्ट गार्ड. चार माणसं, चार गाठी. मूठ उघडा, मिटा. चारही जागच्या जागी. सरकत होती ती फक्त तिची.

दिवाळीनंतर ती जवळच्या शहरातल्या एका खासगी सर्जनकडे गेली. त्यांनी हात बघितला न बघितला आणि म्हणाले, "दहा मिनिटांचं काम आहे. मंगळवारी या."

"सर, ही टेंडनच्या आत असली तर?"

"आत कशी असेल? टेंडनच्या आत कुठे गँग्लियन असतं का?"

"बोटाबरोबर सरकते सर. एकदा धरून बघता?"

डॉक्टरांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. "तुम्ही नर्स आहात ना? मग नर्सचं काम करा. मंगळवारी उपाशीपोटी या."

मंगळवारी अस्मा गेली नाही. ती दवाखान्यातच होती, पोटभर जेवलेली. दहा मिनिटांत वरवर काढायला गेलेला माणूस आत काही सापडलं नाही तर काय करेल, हा विचार तिच्या डोक्यातून जात नव्हता. एक तर तो तसंच शिवून टाकेल, नाहीतर गाठीबरोबर टेंडनही, म्हणजे बोट ओढणारी तारच, कापून टाकेल.

डॉक्टर अनिमेषना तिने सगळं सांगितलं, ब्रेकच्या केबलसकट. ते आधी हसले. मग त्यांनी स्वतः चिमटीत धरून पाहिलं. दुसऱ्या हाताने पुन्हा पाहिलं.

"मी सुई घातली तेव्हा हे बघायला पाहिजे होतं," ते म्हणाले. "सिस्टर, मला यातलं कळत नाही. यवतमाळला ऋचा देशकर म्हणून आहेत. हाताचंच काम शिकून आल्यात. मी चिठ्ठी देतो."

*

डॉक्टर ऋचा देशकरांचं हॉस्पिटल म्हणजे एका जुन्या बंगल्याच्या पुढच्या चार खोल्या. वडील कोर्टात शिरस्तेदार होते, बंगला त्यांचा. बाई पस्तिशीच्या, उंच, भरभर बोलणाऱ्या. पण अस्माचा हात हातात घेतल्यावर त्यांचं बोलणं थांबलं. त्यांनी मूठ करायला लावली, उघडायला लावली. फक्त मधलं बोट हलवायला लावलं, मग ते धरून ठेवून बाकीची. मनगट खाली वाकवून, वर उचलून. पाच मिनिटं झाली असतील.

"ही सरकते हे कुणी ओळखलं?"

"माझ्या वडिलांनी."

"डॉक्टर आहेत?"

"सायकल मेकॅनिक."

ऋचाबाईंनी मान हलवली. त्यात चेष्टा नव्हती. त्या उठल्या, तिला स्वतः शेजारच्या गल्लीतल्या सोनोग्राफीवाल्यांकडे घेऊन गेल्या आणि यंत्र हातावर ठेवलेलं असताना तिला बोट हलवायला सांगितलं. पडद्यावर राखाडी रेघांचा एक पट्टा मागेपुढे होत होता. त्या पट्ट्याच्या मधोमध एक काळा, लांबट डाग होता आणि पट्टा जाईल तिकडे तो जात होता.

"ते बघा," ऋचाबाई म्हणाल्या. "टेंडनच्या पोटात आहे. तंतू त्याच्या दोन्ही बाजूंनी पसरलेत."

परत येऊन बसल्यावर अस्माने सरळच विचारलं. "मॅडम, तुम्ही असं ऑपरेशन केलंय?"

"नाही. पाहिलंही नाही. वाचलंय फक्त. फार थोड्या लोकांना होतं हे." त्यांनी चिठ्ठ्यांचं पॅड पुढे ओढलं. "मी नागपूरला चिठ्ठी देऊ शकते. माझे सर आहेत तिथे."

"त्यांनी केलंय?"

"मी फोन करून विचारते. तुमच्यासमोरच."

फोनवर बराच वेळ बोलणं झालं. सरांनी तीस वर्षांत एक केलं होतं, तेही मनगटाच्या दुसऱ्या बाजूचं. फोन ठेवून ऋचाबाईंनी कागदावर चित्र काढलं. तंतू आडवे कापायचे नाहीत, उभे बाजूला करायचे. मधली पिशवी पूर्ण काढायची, तिचा तुकडा मागे राहिला तर ती पुन्हा भरते. मग उरलेले तंतू बारीक धाग्याने एकत्र आणायचे. अडचण एवढीच, की किती तंतू शिल्लक असतील ते उघडल्याशिवाय कळणार नाही. निम्म्याहून कमी असले तर शेजारच्या बोटाचा आधार घ्यावा लागेल. तर्जनीला दोन टेंडन असतात, त्यातलं एक उसनं आणता येतं.

अस्मा चित्राकडे बघत राहिली. त्या खासगी डॉक्टरांना सगळं माहीत होतं. या बाईला माहीत नव्हतं आणि ती ते सांगत होती.

"मी तुमच्याकडेच करते," ती म्हणाली. "पण दोन गोष्टी. मला झोपवायचं नाही. आणि फेब्रुवारीच्या पुढे न्यायचं नाही."

"झोपवणार नाहीच. मला तुमचं बोट हलताना बघायचंय. दंडाला पट्टा आवळला की वीस मिनिटांनी ठणकायला लागेल, ते सोसाल?"

"सोसेन."

"मग मला सहा आठवडे द्या. सराव करते."

सराव कशावर, हे अस्माने घरी सांगितलं तेव्हा युनूसभाई खूश झाले. त्यांच्या साडूचं मटणाचं दुकान यवतमाळलाच होतं. दर गुरुवारी बकऱ्याचे चार पाय बर्फात घालून देशकर हॉस्पिटलला पोचायला लागले. शाकाहारी बंगल्यात त्यावरून बरीच कुजबुज झाली म्हणतात. शिरस्तेदार काकांनी त्या दिवशी मागच्या अंगणातच चहा घ्यायला सुरुवात केली. ऋचाबाई मात्र संध्याकाळी ओपीडी आटोपली की दिवा ओढून बसायच्या, बकऱ्याच्या पायातलं टेंडन उभं चिरायच्या, तंतू बाजूला करायच्या आणि केसाएवढ्या धाग्याने पुन्हा शिवायच्या.

*

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात, सकाळी दहा वाजता, अस्मा टेबलावर आडवी झाली. उजवा हात बाजूच्या फळीवर. युनूसभाई बाहेर बाकावर होते, धुतलेला सदरा घालून. हाताच्या मागच्या बाजूला भुलीची सुई घातली, दंडावर पट्टा आवळला, हात पांढरा पडला. मध्ये हिरवा पडदा लावणार, तेवढ्यात अस्मा म्हणाली, "मॅडम, पडदा नको."

"नक्की?"

"माझाच हात आहे."

कातडी उघडली तेव्हा दुखलं नाही, नुसती ओढ जाणवली. आणि मग तिला स्वतःचं टेंडन दिसलं. पांढरं, मोत्यासारखी चमक असलेलं. इतक्या वर्षांत दुसऱ्यांच्या शरीरातलं बरंच काही तिने पाहिलं होतं, पण हे तिचं होतं आणि मधोमध ते सापाने उंदीर गिळल्यासारखं फुगलेलं होतं.

"मूठ करा, सावकाश."

फुगवटा पुढे सरकला.

"उघडा."

तो मागे गेला आणि मनगटावरच्या आडव्या पट्टीच्या तोंडाशी अडला. सगळ्यांनी ते पाहिलं. भूलतज्ज्ञ उठून जवळ आले. मदतीला उभ्या असलेल्या नर्सच्या तोंडून "अगंबाई" निघून गेलं.

ऋचाबाईंनी पात्याच्या टोकाने तंतूंच्या दिशेतच एक बारीक रेघ मारली. तिच्यातून ती जेली वर आली, काचेसारखी स्वच्छ. मग बराच वेळ नुसता चिमट्याचा आवाज. पिशवीला धड भिंत नव्हती, तंतूंना चिकटलेला एक पातळ पापुद्रा होता आणि तो कणाकणाने सोडवावा लागत होता. दंड ठणकायला लागला. अस्माने डाव्या हाताने टेबलाची कड धरली. किती मिनिटं झाली हे तिने विचारलं नाही.

"थांबा," ऋचाबाई एकाएकी म्हणाल्या. त्यांच्या आवाजातला बदल अस्माच्या लगेच लक्षात आला. तो आवाज तिने वॉर्डात खूपदा ऐकला होता.

"काय झालं मॅडम?"

"खालच्या बाजूचे तंतू तुटलेत. आधीचेच. सुमारे तिसरा हिस्सा." त्यांनी अस्माच्या डोळ्यांत पाहिलं. "बाकीचे दोन हिस्से चांगले आहेत. पण ते किती जोर घेतील ते मला बघायचंय. मी बोटावर माझं बोट ठेवते. तुम्ही उघडायचा प्रयत्न करा. मी सांगेन तिथेच थांबायचं."

अस्माने श्वास घेतला आणि बोट उचललं. ऋचाबाईंच्या बोटाचं वजन तिला जाणवलं. उघड्या जखमेत पांढरी दोरी ताणली गेली, मध्ये जराशी बारीक झाली.

"अजून थोडं. बस."

दोरी तुटली नाही.

"उसनं आणायचं नाही," ऋचाबाई म्हणाल्या, अस्माला की स्वतःला ते कळलं नाही. "यांच्यावरच निभवू." आणि त्यांनी तो केसाएवढा धागा मागितला.

बाहेर आल्यावर त्यांनी युनूसभाईंना बशीतला तो पापुद्रा दाखवला. शिंगाड्याच्या सालीएवढासुद्धा नव्हता. म्हातारा वाकून वाकून बघत राहिला. मग सदऱ्याच्या बाहीने डोळे पुसून म्हणाला, "एवढ्याशानं गाडी बंद केलती व्हय!"

आठ दिवसांनी तपासणीचा कागद आला. गाठ साधीच होती, कर्करोगाचं काही नव्हतं. अस्माने तो दोनदा वाचला आणि मग पहिल्यांदा तिला रडू आलं, कारण त्या कागदाची भीती तिने कुणाला बोलून दाखवली नव्हती.

*

खरी लढाई त्याच्या पुढची होती. चार आठवडे हात प्लास्टरच्या पट्टीवर, मनगट वर उचललेलं. पट्टी निघाली तेव्हा बोट सरळ होतं पण वाकत नव्हतं. मूठ करायला गेलं की मधलं बोट तसंच उभं. आतली जखम भरताना टेंडन आजूबाजूला चिकटलं होतं.

"दर तासाला दहा वेळा," ऋचाबाईंनी बजावलं. "दुखेल. जोराची झटापट नको, पण एक तासही चुकवायचा नाही."

अस्मा सकाळी दुकानात जाऊन बसायला लागली. युनूसभाईंनी तिच्यापुढे सायकलच्या बेअरिंगमधल्या छर्‍यांची थाळी ठेवली. अंगठा आणि मधल्या बोटाने एकेक छर्रा उचलायचा आणि दुसऱ्या थाळीत टाकायचा. पहिल्या दिवशी सहा उचलले गेले, बाकीचे गिऱ्हाइकांच्या पायांत पळाले. लोक थांबून बघायचे.

"सिस्टर, दवाखाना सोडून दुकान धरलं काय?"

"धरलं ना. बसा, पंक्चर काढून देते."

मार्च गेला, एप्रिल गेला. मे महिन्याच्या उन्हात दुकानाचा पत्रा तापला की ती ओलं फडकं डोक्यावर घेऊन बसायची आणि छर्रे उचलायची. काही दिवस असे आले की बोट आदल्या दिवशीपेक्षा मागे गेलेलं वाटे. अशा एका दिवशी तिने थाळी उलटी केली आणि घरी निघून गेली. युनूसभाईंनी सगळे छर्रे वेचले, रॉकेलमध्ये धुतले, पुसले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी थाळी पुन्हा जागेवर ठेवली. ती येऊन बसली आणि पहिला छर्रा उचलला.

जूनच्या शेवटी बोटाचं टोक तळहाताला लागलं. पूर्ण नाही, नखाएवढी फट राहिली आणि ती कायमची राहिली. सरळ करतानाही बोट जरासं खाली कललेलं राही. ऋचाबाईंनी मोजमाप लिहून घेतलं आणि म्हणाल्या, "शंभर टक्के नाही मिळालं."

"मला शंभर टक्के नको होतं मॅडम. ऑगस्ट पाहिजे होता."

रुजू व्हायला गेली तेव्हा डॉक्टर अनिमेषनी तिच्यासाठी सोय करून ठेवली होती. लसींचं स्टोअर, बसून काम, रजिस्टर लिहायचं. त्यांनी ते मनापासून केलं होतं, त्यामुळे नाही म्हणणं जड गेलं.

"सर, मी स्टोअरला गेले तर त्या दोन खाटांपाशी कोण?"

"बघू कुणाला तरी."

"म्हणजे त्या बाईचा हात जाईल. दोन वर्षांनी तिलाही स्टोअरला बसवाल." तिने पिशवीतून एक कागद काढला. "मी खाटेपाशीच उभी राहते. पण एकटी नाही. फवारणीच्या महिन्यांत त्या जागेवर दोन नर्सेस पाहिजेत, तासातासाने आलटून पालटून. मी अर्ज लिहिलाय. देशकर मॅडमचं पत्र जोडलंय. तुम्ही सही करा, नेऊन मी देते."

अनिमेषनी अर्ज वाचला. "जिल्ह्याला माणसं नाहीत सिस्टर. ते देणार नाहीत."

"नाही म्हणू द्या ना. तोंडावर म्हणू द्या."

पहिल्या खेपेला तिला जिल्ह्याच्या कचेरीत दिवसभर बसवून परत पाठवलं. दुसऱ्या खेपेला साहेब दौऱ्यावर होते. तिसऱ्या खेपेला तिने गेल्या तीन हंगामांचं वॉर्डाचं रजिस्टरच नेलं आणि साहेबांच्या टेबलावर उघडून ठेवलं. किती रोगी, कोणत्या वारी, एकेकाला किती कुप्या. साहेब पानं उलटत गेले. मग त्यांनी तिचा हात बघायला मागितला. तिने तो टेबलावर ठेवला, मागची बाजू वर. लांब गुलाबी रेघ अजून ताजी होती.

"चार महिन्यांपुरती देतो," ते म्हणाले. "पुढच्या वर्षी पुन्हा मागावी लागेल."

"मागेन साहेब."

ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात, सकाळच्या पुसद गाडीने, गौरी तायडे नावाची नर्स उतरली. तेविशीची, खांद्यावर बॅग, चेहऱ्यावर प्रवासाचा शीण. वॉर्डात शिरली तेव्हा डावीकडच्या दोन्ही खाटा भरलेल्या होत्या. अस्मा एका खाटेवर वाकून बाहुली बघत होती, बसंतीबाई उशी सारखी करत होत्या.

"मॅडम, मी गौरी. इथे पाठवलंय मला."

"मॅडम नको, ताई म्हण. काही खाल्लंस?"

"नाही. लगेच सुरू करते ना."

"आधी खाऊन घे. मावशी, हिला स्वयंपाकघर दाखवा." अस्माने घड्याळाकडे पाहिलं. "मला अजून वीस मिनिटं आहेत. मग तू उभी राहशील आणि मी बसेन."